तिसरी कॅसेट

…पांढरं होतं, पण सारखं पांढरं नव्हे; कॅसेटच्या छोट्या खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या फितीच्या कडेवर, जिथे गुंडाळीचे सगळे वळसे एकमेकांना टेकून एक सपाट, चकचकीत वर्तुळ तयार होतं तिथे, पीठ सांडून कुणी झटकायला विसरावं तसं. तिने कॅसेट उजेडाकडे तिरकी धरली. उजेड कडेने आला की तंतू वेगळे दिसतात, हे ती हाताच्या सवयीने करत होती, डोळे अजून नीट उघडलेही नव्हते. बुरशी. वाढायला थोडी ओल लागते, खायला काहीतरी लागतं, आणि कुणी हात लावायचा नसतो. त्यातली शेवटची अट आमच्या घराने इमानेइतबारे पाळली.

"बरोबर," मागून आवाज आला.

बाबा. उशी सरकली असेल, किंवा चहा निवला असेल, किंवा खिडकी. ती वळली नाही लगेच. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली आणि बाबांचा उजवा हात, उजवा पाय, चेहऱ्याची उजवी बाजू आणि भाषा एका सकाळीत गेली. कळतं सगळं, पण बोलायला उरला हा एक शब्द. भूक लागली की बरोबर, दुखलं की बरोबर, शर्टाची गुंडी भलत्याच काजात अडकली की दात आवळून बरोबर. सारी नोकरी रेल्वेचे सिग्नल तपासण्यात गेली होती. खांबाखाली उभं राहायचं, मान वर करायची, दिवा पडताळायचा, 'बरोबर' म्हणायचं आणि मग पुढचा खांब. त्या शब्दाची वाट इतकी मळलेली की बाकी सगळं गाव वाहून गेलं तरी तेवढी वाट शाबूत राहिली असावी.

"ताई, जा तुम्ही," दिवसाच्या मावशी ओला पंचा खांद्यावर टाकत आत आल्या. "सकाळपासून माझ्यावर डोळे वटारतायत. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे."

"चहा गरम करून द्या त्यांना."

"तो काय, दोनदा केला. आता तिसऱ्यांदा केला तर त्याचा काढा होईल. काय हो बाबा?"

"बरोबर," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. उजवा जिथल्या तिथे.

तिने कॅसेट जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवली. आज शनिवार, अर्धा दिवस. दुरुस्तीवाल्याने कॅसेटची यंत्रं आजपर्यंतच राखून ठेवतो म्हटलं होतं… आज दुपारी काय ते ठरवायचं. सहा महिने ती हेच म्हणत होती, फक्त 'आज'च्या जागी दुसरा शब्द असे.

उन्हाळ्यात वाचा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, त्यांचा जुना आवाज आहे का कुठे? ठरवून बोललेला नको, भाषणबिषण नको, घरात बोलतात तसा. डिस्कवर आणा, इथे लावता येईल, आणि घरी त्यांचं त्यांनाही एका हाताने कळ दाबता येईल. फरक पडेलच असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या होत्या, पण कधी कधी माणूस स्वतःच्याच आवाजामागून चालत येतो. आणि लवकर करा. या गोष्टींना मुदत असते.

"आहे," ती म्हणाली होती. फार पटकन म्हणाली होती.

आहे ना. आवाजच आहे. त्या तीन कॅसेटींमध्ये आवाजाशिवाय दुसरं आहेच काय… बाबांनी एका सहकाऱ्याकडून खांद्यावर ठेवायचा तो धोंड्याएवढा कॅमेरा मागून आणला होता, आम्ही चौघं तळ्याकाठच्या विश्रामगृहात गेलो होतो तेव्हा. मी पंधरा वर्षांची, दादा सतराचा. कॅमेऱ्याची कळ दाबली की वर लाल ठिपका लागे. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात शंकाही आली नाही. लाल म्हणजे थांबा. हा अर्थ त्यांनी हजारो खांबांवर स्वतःच्या सहीने पक्का केला होता. त्यावर माणसांचे जीव चालत. म्हणून कळ दाबून लाल लागला की बाबा म्हणत, "झालं, बंद," आणि कॅमेरा मांडीवर नाहीतर जमिनीवर ठेवत. आणि पुन्हा कळ दाबून लाल विझला की "चला, चालू, हसा," म्हणत डोळ्याला लावत. चार दिवस. दादाने पाण्यात मारलेली उडी नाही, आईची नवी साडी नाही, सूर्यास्त नाही. त्याऐवजी गवत, चपला, खुर्चीचे पाय, पिशवीच्या आतला अंधार, गाडीतली पायाखालची चटई, आणि आपण टिपले जात नाही आहोत अशा खात्रीने बोलणारी चार माणसं.

परत आल्यावर शेजाऱ्यांना बोलावून पहिली कॅसेट लावली होती. आईची डावी चप्पल दहा मिनिटं पडद्यावर हलत होती. आई हसून हसून रडली. बाबांनी उठून यंत्र बंद केलं, कॅमेरा दुसऱ्याच दिवशी परत केला आणि पुन्हा कधी कुठल्याही कॅमेऱ्याला हात लावला नाही. कॅसेटींवर मात्र त्यांच्या सुबक अक्षरात आकडे घालून ठेवले. एक, दोन, तीन. दुसरी आणि तिसरी कुणी पाहिलीच नाही.

तिसरीत परतीचा प्रवास होता. तिला ते माहीत होतं. तिसरीत काय आहे ते जगात एकट्या तिला माहीत होतं, आणि तेही अर्धंच.

प्रयोगशाळेत शनिवारी सकाळी फारसं काम नसतं. तिचं काम काटे तपासण्याचं. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले वजनकाटे येतात. ती त्यांच्यावर प्रमाण वजनं ठेवते, काटा काय म्हणतो आणि खरं किती यांतला फरक काढते, आणि प्रमाणपत्रावर तो फरक आणि त्या फरकातली अनिश्चितता दोन्ही लिहिते. वजन बोटांनी उचलायचं नाही, चिमट्याने. ठेवल्यावर लगेच वाचायचं नाही, थांबायचं. ह्या थांबण्याचा तिला कधी कंटाळा आला नव्हता. इतक्या वर्षांत आजकालच वाटायला लागलं होतं, की पारड्याभोवतीच्या काचेचं दार बंद करून आकडा स्थिरावण्याची वाट बघताना आपले डोळे मिटले तर कुणाला कळणारही नाही.

साहेबांना सगळे दशांश म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. दशांशसाहेब बाहेर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. औषधांच्या दुकानाचा मालक, हातात स्वयंपाकघरातला काटा.

"चार दशांशांपर्यंत तपासून हवाय," मालक म्हणत होता.

"यावर काय मोजता तुम्ही?"

"पार्सलं."

"पार्सलं." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पार्सलाला चार दशांश कशाला लागतात हो? आत काय पाठवता, वारा?"

"नाही म्हणजे… पक्कं असलेलं बरं."

"मोजायचं काय ते आधी ठरवा. मग काटा निवडू. लोक उलटं करतात. काटा निवडत बसतात म्हणजे मोजायला नको."

ती आत चिमटा हातात धरून उभी होती. पारड्यावरचा आकडा स्थिर झाला होता आणि तिने तो लिहून घेतला नव्हता.

सहा महिन्यांत तिने काय काय वाचलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ती फोनवर ते मंच उघडी, जिथे जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली निवृत्त माणसं जुन्या फिती डिस्कवर कशा उतरवाव्या यावरून हमरीतुमरीवर येत. कुणी म्हणे जोडयंत्र घ्या, एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला डिस्क, मध्ये एक कळ. कुणी म्हणे जोडयंत्र घेणाऱ्याने फिती सरळ कचऱ्यात टाकाव्या. चांगलं कॅसेटचं यंत्र वेगळं हवं, त्यातून संगणकात नेणारी डबी वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये चित्राची थरथर सावरणारी आणखी एक पेटी हवीच हवी. त्या पेटीवर तिने तीन आठवडे घालवले होते. कुठली रंग धुवून काढते, कुठली ओळी पुसट करते, कुठल्या सालच्या चांगल्या होत्या. कुणी विचारलं असतं तर तिने व्याख्यान दिलं असतं.

चित्राची थरथर. चपलांच्या चित्राची.

हवा होता आवाज. आवाजाला ती पेटी लागत नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तरी… तिने डोळे चोळले, आकडा लिहिला, खाली रेघ मारली. काटा निवडत बसतात म्हणजे मोजायला नको. साहेब औषधवाल्याला म्हणाले होते. साहेबांना घरातलं काही माहीत नव्हतं. पण मानेवर कुणी थंड चिमटा टेकवावा तसं झालं खरं.

दुपारी ती चालत निघाली. पिशवी छातीशी. वाटेत दादाचा फोन आला. तो दूर आहे, त्याच्याकडे शनिवारची पहाट आणि हिच्याकडे शनिवारची दुपार हे इतकं ठरून गेलंय की फोन वाजला की तिला भूक लागते.

"काय म्हणतायत?"

"बरोबर म्हणतायत."

तो हसला. हा विनोद दोन वर्षं चालला होता आणि अजून चालत होता. "आणि तुझं ते चप्पलपुराण? झालं का?"

"यंत्र बघायला चाललेय."

"अजून? अगं, कुठल्यातरी दुकानात टाक ना. ते करून देतात. भिजत घोंगडं ठेवायची काय हौस आहे तुला."

"परक्या माणसाने ऐकावं असं नाहीये ते."

"काय आहे एवढं त्यात? आई मिठाचा डबा विसरली म्हणून कटकट करत असेल." मग वेगळ्या आवाजात, "मला पण पाठव हं एक. आईला… ऐकलं नाहीये ती गेल्यापासून."

"पाठवते."

"तू दमल्यासारखी वाटतेस."

"उन्हातून चाललेय."

"तू आहेस म्हणून, खरंच. नाहीतर मी काय केलं असतं." हे तो दर शनिवारी म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि दर शनिवारी ती फोन कानापासून जरा लांब धरते. तू आहेस म्हणून. तो जाईल. ही राहील.

हेच. इतकंच.

ते गाडीतलं दुपारचं ऊन, गालाला चिकटलेलं सीटचं रेक्झिन, दादा काचेवर डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपलेला. मी जागी झाले होते पण डोळे उघडले नव्हते, कारण उघडले की आई पाणी पी म्हणणार, बाटली दे म्हणणार. पापण्यांच्या फटीतून पुढे आईच्या मांडीवरचा कॅमेरा दिसत होता, त्याच्यावर तो लाल ठिपका. आई म्हणाली, या दोघांचं पुढे कसं होणार हो? बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तो जाईल. ही राहील. आई त्यावर काही म्हणाली का, आठवत नाही. गिअर बदलल्याचा आवाज आठवतो.

शब्द आठवतात, हीच तर अडचण होती. शब्द अगदी स्वच्छ, एका काना-मात्रेचा फरक नाही. पण ते कसे म्हणाले? कौतुकाने, की ही शहाणी आहे, ही सोडून जायची नाही? की कीव करून, हिच्याने कुठे जाणं व्हायचं? की दोन मुलांपैकी एक तरी घरात धरून ठेवावं लागतं, सिग्नलच्या खांबाला एक माणूस लागतो, तशी सोय म्हणून? ती मनातल्या मनात ते वाक्य लावून बघे, पण ऐकू येई ते तिच्याच आवाजात, नाहीतर दशांशसाहेबांच्या. बाबांचा आवाज गेला होता. दोन वर्षांच्या एका शब्दाने आधीचा सगळा आवाज बुजवून टाकला होता.

आणि ते वाक्य मात्र प्रत्येक वळणावर उभं. संशोधनासाठी त्या लांबच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं तेव्हा. आईचं दुखणं होतं, ते खरंच होतं, पण आईनेच जा म्हटलं होतं. मग तो रसायनाचा प्राध्यापक, ज्याची बदली झाली आणि ज्याने सरळ विचारलं, येतेस? दोन्ही वेळा तिने विचार केला, शांतपणे, दोन्ही बाजू मांडून, आणि दोन्ही वेळा राहिली. स्वतःच्या विचाराने राहिली. निदान तिने प्रमाणपत्र तसं दिलं होतं. वजनावर एक किलो छापलेलं असलं की लोक ते उचलून पारड्यात टाकतात; ते किलोभर आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारणं हा तिचा धंदा होता. फक्त हे एक वजन तिने कधी तपासायला घेतलं नव्हतं. बाबा कौतुकाने म्हणाले असतील तर ठीक, आपण मानाने राहिलो. सोय म्हणून म्हणाले असतील तर…

दुरुस्तीवाल्याचं दुकान जिन्याखाली होतं. तो यंत्रांच्या ढिगाऱ्यात इतका खोल बसे की आधी हात दिसत, मग चेहरा.

"आलात? मी म्हटलं, मॅडम आता पुढच्या जन्मी येणार."

"काढून ठेवलंय का?"

"दोन्ही ठेवलेत. सकाळी एकजण हे जोडयंत्र मागत होता, त्याला सांगितलं, एक बाई सहा महिन्यांपासून लग्न ठरवतायत याच्याशी, त्यांचं मोडू दे मग तुझं बघू." त्याने फडक्याने यंत्राचं कपाळ पुसलं. "हे सोपं. इकडे कॅसेट, तिकडे डिस्क, ही कळ. टीव्ही लावायचीही गरज नाही. आवाज नाही, काही नाही. तुम्ही स्वयंपाकाला लागा, बाहेर जा, झोपा. आलात की तयार."

"म्हणजे ऐकावं लागत नाही."

"कशाला ऐकायचं?"

ती बघत राहिली त्या यंत्राकडे. करड्या रंगाचं, एका कडेला कुणीतरी लहान मुलाचं चिकटचित्र लावून खरवडलेलं. हेच ते. कुणी न ऐकता एक गोष्ट इकडून तिकडे जाईल. डिस्क तिकडे वाचावाल्या बाईंकडे, एक दादाकडे. ते ऐकतील, त्यांना त्या वाक्यात काही सापडणार नाही, आणि मी हात पुसत विचारीन, झालं का सगळं नीट?

तिने टॉवेल सोडून कॅसेट पुढे केली. त्याने ती खिडकीजवळ नेली आणि शीळ घातली.

"हिला तर मिशी फुटलीय." त्याने खोलून फीत मऊ फडक्यातून हळूहळू फिरवायला घेतली, आणि बराच वेळ नुसता तो फिरवण्याचा आवाज. मग म्हणाला, "साफ झाली. पण फीत थकलीय. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं मी लिहून देणार नाही. आणि आजच चालवा, ठेवलीत की पुन्हा चिकटायला लागेल."

"जोडयंत्रात?"

"घाला की. चालली तर चालली. मध्येच गुंतली तर कळणार नाही, एवढंच. तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात असणार." त्याने दुसरीकडे हात दाखवला, कॅसेटचं वेगळं यंत्र आणि वर काड्यापेटीएवढी डबी. "याच्यात बसावं लागतं. कानाला हेडफोन लावून. फीत अडकायच्या आधी आवाज रडायला लागतो. रडला की दाबायचं थांबा. तेवढं करणारं माणूस हवं."

"हे डबीवालं द्या," ती म्हणाली.

आपण हे का म्हणालो, तिला कळलं नाही. निर्णय झाल्यासारखं काही आत झालं नव्हतं. उलट एखादी जड पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी, आणि घेताना लक्षात यावं की दोन्ही हात सारखेच दुखतायत, तसं. कदाचित नुसती सवय. चालू असलेलं माप सोडून ती कधी उठून गेली नव्हती.

"आणि ती थरथरीची पेटी? फार विचारत होतात."

"ती नको."

घरी मावशी निघायच्या तयारीत होत्या. बाबांना टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलेलं. "एवढं मोठं काय आणलंत?" मावशींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाबांना म्हणाल्या, "बघा, लेकीने सिनेमा आणलाय. माझ्याशिवाय बघू नका." बाबांनी डावा हात हलवला, जा जा.

तिने तारा जोडल्या. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालात. बाबा बघत होते. लाल टोक खोचताना त्यांची नजर तिथे जरा जास्त थांबली असं तिला वाटलं, पण हे आपलं वाटणं. "तुमची तळ्याची कॅसेट," ती म्हणाली. "आठवतंय?"

"बरोबर," बाबा म्हणाले, आणि मान खाली घातली. अजून लाजत होते.

ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली, हेडफोन लावला, आणि कॅसेट आत गेली.

आधी खरखर. मग चटई. गाडीतल्या पुढच्या सीटसमोरची चटई, रंग उडून तपकिरी झालेली, आणि वरच्या कोपऱ्यात आईचा पाय, अंगठ्याचं नख तुटलेलं. संगणकाच्या पडद्यावर खाली आवाजाची हिरवी पट्टी, आवाज झाला की उजवीकडे लांब होणारी, गप्प झाला की मागे येणारी. इंजिनाची घरघर एका जागी थरथरत होती. ती बसून राहिली. कान टवकारून, रडण्याचा आवाज शोधत. आई खोकली. आई, अगदी कानात, आणि तिने टेबलाची कड धरली. मग पुन्हा कितीतरी वेळ घरघर, एक पूल, एक भोंगा.

"काच वर कर गं. धूळ येतेय सगळी आत."

ती दचकली. हे कोण? घाईने बोलणारं, जरा वरच्या पट्टीतलं, मागे नाकात किंचित सर्दी असलेलं. तिने ज्या आवाजाची वाट पाहिली होती तो जड होता, संथ होता. खांबावरून खाली बघून बोलणारा. हा एक तरुण माणूस होता. उन्हात गाडी चालवून वैतागलेला, उद्या कामावर जायचंय, उसनी गाडी संध्याकाळच्या आत परत करायचीय. चव्वेचाळीस वर्षांचा. तिने मनात वजाबाकी केली आणि ती खरी आहे का म्हणून पुन्हा केली. मी बावन्न. प्रयोगशाळेत चव्वेचाळीसची दोन माणसं आहेत, आणि ती बोलायला लागली की मी मनात म्हणते, पोरं आहेत अजून, काही बोलतात, बोलू दे.

"पाणी देऊ?" आई.

"नको. थांबलो की झोप येईल."

आई तर त्याहून लहान. दोघंही लहान. मागच्या सीटवर त्यांची दोन मुलं झोपलीत असं त्यांना वाटतंय. काहीही माहीत नाही त्यांना पुढचं, ना दुखणं, ना तुंबलेली रक्तवाहिनी, ना हे टेबल. आणि या माणसाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य आपण सदतीस वर्षं… कुणाचं म्हणून? तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो थकवाच, नेहमीचा, फक्त त्याची जागा जरा सरकली होती. आतापर्यंत तो मागच्या सीटवर होता. आता स्टिअरिंगवर होता. थांबलो की झोप येईल. हे मला कळतं रे, ती मनात म्हणाली. जन्मात बाबांना कधी तू म्हटलं नव्हतं.

तिच्या दंडाला काहीतरी लागलं. बाबांचा डावा हात, अंगावरून आडवा आलेला, बोटं हेडफोनकडे. त्यांना ऐकायचं होतं.

पूल गेला होता. भोंगा गेला होता. आता कधीही. हेडफोन दिला तर आपल्याला ऐकू येणार नाही. पण राखण तर कुणीतरी केलीच पाहिजे, आणि आयुष्यभर बिघाडाकडे कान देऊन बसलेला माणूस शेजारी आहे. शिवाय संगणकात सगळं उतरतंच आहे. उद्या ऐकता येईल, परवा, दहादा. कारणं रांगेने आली, एकेक तपासलेली, आणि त्यांच्यातलं एकही खरं कारण नव्हतं हे ती बघत होती. त्याच्या आधीच तिने हेडफोन काढून बाबांच्या कानांवर बसवला, डावीकडचा, मग उजवीकडचा, पांढरे केस बाजूला सारून.

खोली गप्प झाली. पडद्यावर चटई हलत होती.

हिरवी पट्टी एका जागी थरथरत होती. मग लांब झाली, मागे-पुढे होत बराच वेळ तशीच राहिली. आई विचारतेय. मग मागे आली, घरघरीवर टेकली. टेकूनच राहिली. बाबा जरा वेळ बोलले नाहीत, हे बरोबर आठवत होतं. मग एकदा लांब होऊन मागे. आणि पुन्हा एकदा, तेवढीच.

झालं. दोन आखूड हिसके, आणि पुन्हा इंजिन.

बाबांनी ऐकलं. ज्याने म्हटलं होतं त्याने ऐकलं, आणि त्याला अर्थ कळतो, डॉक्टरांनी सांगितलंय, कळतं सगळं. ती त्यांच्याकडे बघत होती. उजवा गाल, उजवा डोळा, ओठांचा उजवा, खाली उतरलेला कोपरा. या बाजूने ते कधीच काही म्हणत नाहीत. जे काही व्हायचं ते पलीकडच्या अर्ध्या चेहऱ्यावर होत असणार, आत्ता, या क्षणी. ते बघायचं तर उठून खुर्चीला वळसा घालून जावं लागेल. चार पावलं. उठता येत होतं. पायांत तेवढं बळ होतं, तिने अंदाज घेतला. कुणी धरून ठेवलं नव्हतं.

आई आता पडद्यावर पाय हलवत होती, पट्टी लांब-आखूड होत होती. त्या दोन हिसक्यांनंतर आई काहीतरी म्हणाली होती तर, आणि ते मला आठवत नव्हतं म्हणजे मी तेव्हा ऐकणं सोडून दिलं असणार… बरंच बोलत होती आई. बराच वेळ. मध्ये बाबांचं एखादं आखूड काहीतरी, पुन्हा आई. वाक्य तिथे संपलं नव्हतं. त्याच्यापुढे रस्ता होता, आणि त्यावर ती दोन तरुण माणसं आपल्याबद्दल, की दादाबद्दल, की मिठाच्या डब्याबद्दल, बोलत चालली होती.

ते ऐकायचंय मला, तिला वाटलं. ते दोन हिसके नव्हेत, नंतरचं. सहा महिन्यांत, नाहीतर त्याहून कितीतरी जास्त काळात, काही हवंसं वाटण्याची ही पहिली वेळ असावी, आणि ते इतकं लहान होतं, तहानेसारखं, की त्याचं नक्की काय करायचं ते तिला सुचेना. बाबांचा श्वास एका लयीत चालला होता. ती उठली नाही. पण आता आपण बसलोय हे तिला कळत होतं, खुर्चीचा दांडा पाठीला कुठे टेकतोय, हात मांडीवर कसे पडलेत, सगळं; आणि पट्टी पुन्हा लांब झाली तशी तिची मान, नकळत, बाबांच्या कानाकडे झुकली.